उत्तरपदाचा लोप

३ फेब्रुवारी

ताई,

तीर्थरूप वगैरे सगळं मनात धरलं आहे असं समज. साष्टांग नमस्काराला आठ अंगं लागतात. त्यांतले दोन गुडघे मी गेल्या वर्षी डॉक्टरांच्या स्वाधीन केले, तेव्हा उरलेल्या सहांवर भागवून घे.

अकरा वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे आधी खुशाली विचारायला हवी. पण तो हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही याची खात्री नाही, म्हणून एकदम कामाचंच लिहिते. परिषद आपल्या गावाचं जोडनाव बदलायला निघाली आहे.

बाबांनी आपल्याला समास शिकवले ते याच नावावर. अलीकडचं गाव ते पूर्वपद, पाण्यापलीकडची खडकावरची वस्ती ते उत्तरपद, मधली आडवी रेघ म्हणजे ‘आणि’. दोन्ही पदं सारख्या मानाची, म्हणून द्वंद्व. तू लगेच विचारलं होतंस, मग आपलं गाव आधी का? बाबा म्हणाले, ज्याचे स्वर कमी ते पद आधी येतं, त्यात मोठेपणा काही नाही.

त्या सारख्या मानाचं आता असं झालं आहे. कचेरीच्या दारावर विजेच्या अक्षरांचा नवा फलक बसवला. त्यात अठरा अक्षरं मावतात. आपलं नाव, रेघ धरून, एकोणीस. त्यामुळे शेवटचं अक्षर उजवीकडून बाहेर पडतं आणि जरा वेळाने डावीकडून एकटंच, वाट चुकलेल्या गाईसारखं, परत येतं. येणारेजाणारे थांबून बघतात. फलक बदलावा असं कुणाला सुचलं नाही. नाव बदलावं असं अध्यक्षांना सुचलं. उत्तरपद गाळलं की नाव निम्म्यावर येतं, आणि उरलेल्या जागेत घड्याळ दाखवता येतं.

अध्यक्ष माणूस वाईट नाही. ते सभेत म्हणाले, एक नाव ठेवलं म्हणजे दुसरं त्यात आलंच. न शिकता त्यांनी एकशेष द्वंद्व शोधून काढला. दोघांतला एकच ठेवायचा आणि दुसरा त्यात आहे असं समजून घ्यायचं. संस्कृतात आईबापांना मिळून नुसतं ‘पितरौ’ म्हणतात, तसं. समजून घेणारा जिवंत असेपर्यंत चालतं ते.

मग त्यांनी विचारलं, ‘‘त्या वस्तीत आता आहे तरी कोण?’’ कुणी बोललं नाही. मीही नाही. मी सभेचं इतिवृत्त लिहीत होते, आणि लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नसतं. हा नियम मला त्या दिवशी फार सोयीचा पडला.

आता मुद्दा. दोन्ही ठिकाणं एकत्र आली तेव्हाच्या करारात एक कलम आहे. नाव बदलायचं तर दोन्हीकडे नोटीस लावायची, आणि दोहोंपैकी एका ठिकाणच्या सगळ्या रहिवाशांनी हरकत घेतली तर ठराव पडतो. मोठ्याने धाकट्याला गिळू नये म्हणून केलेली तरतूद. पण परिषदेच्या दप्तरात पलीकडे रहिवासी कुणी नाही. म्हणून पलीकडे नोटीस लागणार नाही. तुला कळवणं माझं काम नाही, म्हणूनच कळवते आहे. हरकतीची मुदत ४ मार्च, त्याच दिवशी सभा. एक ओळ लिही. क्रियापद असलं म्हणजे झालं.

माझा फोन तू उचलत नाहीस, टपाल तुझ्याकडे जात नाही, म्हणून हे पत्र खेकडेवाल्याच्या टोपलीतून येईल. वासाबद्दल राग मानू नये.

तुझी धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

उत्तरपदाकडून उत्तर नाही. हा विनोद मी चार दिवस कुणाला तरी सांगायचा म्हणून जपून ठेवला होता. कचेरीत कळणारं कोणी नाही, तेव्हा तुझ्याच गळ्यात.

खेकडेवाल्याला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, ‘‘वाचलं उभ्याउभ्या. घडी घातली. मग म्हणाल्या, या महिन्यात माद्या धरू नकोस.’’ आणखी काही? ‘‘आणखी काय, सोडल्या मी माद्या.’’ तुझा धाक अजून शाबूत आहे हे ऐकून बरं वाटलं.

माझ्याकडची एक अडचण सांगते. आवकजावक बघणाऱ्या गृहस्थांना आम्ही ‘शिक्का’ म्हणतो. बत्तीस वर्षं ते एकच काम करत आले आहेत आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय आलेला पाऊससुद्धा ते आलेला मानणार नाहीत. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पलीकडून एखादी हरकत आली तर? ते म्हणाले, ‘‘बाई, पत्ता यादीत नाही. आली कुठून म्हणून लिहू?’’ मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. तू माझी कोण हे त्यांना माहीत आहे. कचेरीत ते माहीत असलेले ते एकटेच.

पण आज पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. परवा एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

आमच्याकडे नवी इंजिनिअर मुलगी आली आहे. तिने सांडपाण्याच्या वाहिनीचा नकाशा मला भाषा तपासायला दिला. गल्लीगल्लीत, चौकाचौकात उंचीचे आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत आपल्या नावाचं उत्तरपद. सहा मीटर, उत्तरपद. अकरा मीटर, उत्तरपद. मला वाटलं छापणाऱ्याची डुलकी. मी निळ्या पेन्सिलीने सतरा ठिकाणी खोडलं आणि तिला दाखवलं. ती बिचारी आधी पांढरी पडली, मग हसली.

म्हणाली, उंची कुठून तरी मोजावी लागते ना. पलीकडच्या खडकात एक पितळी खिळा ठोकलेला आहे. समुद्रसपाटी त्या खिळ्याच्या किती खाली, ते ठरलेलं आहे. ती सपाटी म्हणजे शून्य. या सगळ्या टापूतली प्रत्येक उंची त्या शून्यापासून, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे त्या वस्तीचं नाव.

मी म्हटलं, समुद्रसपाटी म्हणजे समुद्राची सपाटी, ती तर कुठूनही दिसते.

‘‘मॅडम, समुद्र सपाट असतो का कधी?’’

खरंच की. मला चौपन्नाव्या वर्षापर्यंत हा प्रश्न पडला नव्हता. तो वर असतो नाहीतर खाली असतो, नाहीतर एकीकडून दुसरीकडे निघालेला असतो. मग सपाटी कुठली? ती म्हणाली, सरासरी. चंद्राचा एक मोठा फेरा पुरा व्हायला जवळपास एकोणीस वर्षं लागतात, तेवढी वर्षं रोज समुद्र मोजायचा आणि सगळ्याची सरासरी काढायची. यंत्र आहे तिथे, पण यंत्र खरं बोलतंय ना हे रोज डोळ्यांनी पडताळावं लागतं. ‘‘तिथे एक वाचक बाई आहेत. एकोणीस वर्षांत त्यांचा एक खाडा नाही. मागचं शून्य रद्द करून आताचं ठरवलंय ते त्यांच्या वाचनांवरून.’’

ती तुझ्याबद्दल बोलत होती आणि तिला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली आणि घोटभर पाणी प्यायले.

तू तिथे नेमकं काय करतेस हे मी कधी विचारलंच नाही, ताई. समुद्राकाठी बसून आकडे लिहितेस एवढंच मला माहीत होतं, आणि तेवढं मला रागवायला पुरत होतं. आता कळतं आहे की समुद्रसपाटी ही वस्तू समुद्रात कुठेही नाही. कुठल्याही लाटेला तू ती दाखवू शकणार नाहीस. ती तुझ्या वह्यांत आहे. दवाखान्याच्या पायऱ्या, शाळेचं पटांगण, पाण्याची टाकी, पुलाचे खांब, हे सगळं तुझ्या अक्षरावर तोललेलं आहे, आणि गाव तर जमिनीवर उभं असल्याच्या समजुतीत झोपतं.

मी ती निळी पेन्सिल एकेक करून सतरा ठिकाणी पुसून काढली. नंतर नकाशावर आपलं घर शोधलं. आईच्या खोलीची फरशी नऊ मीटर बारा सेंटीमीटर. पुढे तुझ्या वस्तीचं नाव.

आणखी लिहवत नाही. मुदतीला एकोणीस दिवस आहेत.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

काल मी आले होते.

तू पाहिलं नाहीस. मी पाहू दिलं नाही असं म्हणणं जास्त खरं. रजेच्या अर्जावर ‘गुडघेदुखी’ असं कारण लिहिलं, आणि परतल्यावर तेही खरं झालं.

ओहोटीला सकाळी नऊनंतर वाट उघडी पडते असं खेकडेवाल्याने सांगितलं होतं. पावणेदोन किलोमीटर. लहानपणी आपण होडीतून जायचो, तेव्हा खाली काय आहे याचा विचार कोण करतं? काल मी समुद्राच्या तळावरून चालले. समुद्र कुठेतरी कामाला गेला होता आणि घर सताड उघडं टाकून गेला होता. वाळूवर पाण्याच्या घड्या तशाच मोडलेल्या, शेवाळ सगळं एका दिशेला विंचरलेलं, आणि लाखो बारीक भोकं, प्रत्येकातून कुणीतरी श्वास घेतंय. मी पाय टाकला की आजूबाजूचं हातभर जग गप्प व्हायचं आणि पुढे गेले की मागे परत सुरू. इतक्या जीवांनी आपल्यासाठी थांबावं अशी सवय मला नाही. अर्ध्या वाटेत मी कारण नसताना चपला काढून हातात घेतल्या.

वस्ती पाहिली. नऊ घरांची नऊ दारं. आठांच्या कुलपांना गंज आणि एकाला हिरवा रंग, तोही या वर्षीचा. तू घरात नव्हतीस. खडकाच्या टोकाला लोखंडी शिडीवर उभी होतीस, पाण्यात उभ्या केलेल्या आकड्यांच्या पट्टीसमोर. पाठमोरी. केस सगळे पांढरे झाले आहेत तुझे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी वीस पावलांवर होते. तिथे खोल पाणी आहे, ओहोटीतही लाटा येतात. एकेक लाट पट्टीवर चढायची आणि उतरायची, आणि तुझी मान तिच्याबरोबर वरखाली. तू घाई करत नव्हतीस. एवढा थोरला समुद्र काहीबाही बडबडत होता आणि तू, बाबा आपलं पाठांतर ऐकायचे तशी, त्याचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत थांबली होतीस. मग तू वहीत काहीतरी लिहिलंस, घड्याळ पाहिलंस आणि पुन्हा पट्टीकडे वळलीस. मला देवळात सुद्धा असं उभं राहता आलेलं नाही.

हाक मारायची तर पुढे काय बोलायचं ते ठरलेलं हवं. ते अकरा वर्षांत ठरलं नव्हतं. पाणी फिरायची वेळ झाली होती, तेवढं निमित्त मला पुरलं. मी परत फिरले.

आता जे तोंडाने बोलायचं होतं ते लिहिते. लिहिण्यात मी जास्त शूर आहे.

अकरा वर्षांपूर्वी पलीकडची आठ कुटुंबं अलीकडे राहायला आली. परिषदेला होडी बंद करायची होती. पण वस्तीत माणूस असेतो होडी बंद करता येत नाही, असा नियम. ठरावाचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, ‘सदर वस्ती निर्जन झाली असल्याने’. कुणी विचारलं नाही. मतदारयादीत तुझं नाव आपल्या घरच्या पत्त्यावर, तुझी नोकरी मोजणी खात्याकडे. परिषदेच्या एकाही कागदावर तू तिथे नव्हतीस. आणि माझा शब्द म्हणजे छापलेला शब्द, असा माझा लौकिक.

मी स्वतःची समजूत कशी घातली ते ऐक, तुला हसू येईल. ‘निर्जन’चा विग्रह काय? निघून गेले आहेत जन ज्यातून, ते. निघून गेले, हे खरंच होतं. सगळेच गेले असं विग्रहात कुठे म्हटलं आहे? व्याकरणाने मला अकरा वर्षं असं झाकून ठेवलं. बाबांनी आपल्याला हे शिकवलं ते यासाठी खचित नव्हे.

होडी बंद झाली. सात महिन्यांनी आई गेली. तुला दुपारी बाराला फोन केला, आणि तू चार वाजून गेल्यावर आलीस, गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी सगळ्या माणसांसमोर म्हणाले, ‘‘सगळं संपल्यावर आलीस. बस आता समुद्र मोजत.’’ तू काही बोलली नाहीस. आईच्या उशाशी जाऊन बसलीस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला गेलीस.

होडी असती तर तू अर्ध्या तासात आली असतीस. आई तीन वाजेपर्यंत होती. तुझं नाव घेत होती.

तू उशिरा आलीस ती माझ्या शब्दामुळे. हे मला त्या क्षणीही माहीत होतं, आणि म्हणूनच मी एवढ्या मोठ्याने बोलले.

धाकटी


१ मार्च

ताई,

तुझं पाकीट मिळालं. खेकडेवाल्याने ते टोपलीत न टाकता खिशातून आणलं. म्हणाला, ‘‘हे खेकड्यांत ठेवू नको म्हणाल्या.’’

आत पत्र असेल असं वाटलं होतं. निघाला तो आमचाच जुना ठराव, अकरा वर्षांपूर्वीची सूचनाफलकावरची प्रत. चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. म्हणजे होडी बंद झाली म्हणून तू विचारायला आली होतीस, आणि फलकावरून ती काढून नेलीस. ‘निर्जन’ या शब्दाभोवती पेन्सिलीचं गोल. समासात, बाबा आपल्या वह्या तपासायचे तसं, तुझ्या अक्षरात:

‘चूक. १.’

खाली तारीख. ठराव झाल्यानंतरचा पाचवा दिवस.

मी ती तारीख किती वेळा वाचली ते सांगत नाही. पाचव्या दिवशी तुला माहीत होतं. माझी भाषा तू ओळखली नाहीस असं होणारच नव्हतं, या परिषदेत ‘निर्जन’ लिहिणारं दुसरं आहे कोण? म्हणजे आईच्या खोलीत मी तुला बोलले तेव्हाही तुला माहीत होतं. भिजलेल्या पायांनी तू ते ऐकून घेतलंस. एक शब्द बोलली असतीस तर तिथल्या माणसांनी मला दारात उभं केलं नसतं. तू तो बोलली नाहीस, आणि नंतर अकरा वर्षं काहीच बोलली नाहीस.

मी रागावर पोसलेली बाई आहे. समोरच्याकडे एवढा मोठा शब्द असावा आणि त्याने तो वापरू नये, हे मला नीट कळतही नाही. नुसती बघत राहिले त्या पेन्सिलीकडे. एवढं शांत अक्षर.

मागच्या बाजूला ताजी शाई. ‘हरकत म्हणून हीच दाखल कर.’ सही, आणि पत्त्यात वस्तीचं पूर्ण नाव. क्रियापद आहे. चालेल.

मी सकाळीच शिक्क्यांच्या टेबलावर तो कागद ठेवला. त्यांनी उलटसुलट वाचला. फार वेळ वाचला. मग खणातून गावांची यादी काढली, पट्टी धरली आणि शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या हाताने तुझ्या वस्तीचं नाव लिहिलं. म्हणाले, ‘‘अकरा वर्षं माझी यादी चुकली होती, बाई. सांगायचंत.’’ आणि शिक्का मारला. एवढ्या हळू शिक्का मारताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

आता चौथ्या तारखेला मला बोलावं लागेल. नुसता कागद पुरणार नाही. वस्ती निर्जन आहे असा ठराव जागचा हलल्याशिवाय तुझी हरकत रहिवाशाची ठरत नाही, आणि तो हलवायचा तर तो खोटा होता हे कुणीतरी सांगायला हवं. ते कुणीतरी कोण, याबद्दल व्याकरणात दुमत नाही.

धाकटी


५ मार्च

ताई,

काल सभा झाली. इतिवृत्त माझ्याकडून अर्धंच लिहून झालं, उरलेलं इंजिनिअर मुलीने लिहिलं. तिच्या ऱ्हस्वदीर्घाबद्दल मी पुढे बोलेन. पण तुला खरं इतिवृत्त मीच सांगायला हवं.

विषय पुकारला. अध्यक्षांनी विचारलं, अलीकडच्या हरकती? नाहीत. पलीकडचा प्रश्न नाही. मग मंजूर, असं म्हणून ते पुढे जाणार तेवढ्यात मी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले. अठ्ठावीस वर्षांत मी त्या खोलीत उभी राहिले ती खिडकी लावायला.

अध्यक्ष म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही लिहा हो.’’

मी म्हटलं, ‘‘लिहिलं होतं. तेच सांगायचं आहे.’’

आणि सांगितलं. वस्ती निर्जन नव्हती. मसुदा करताना मला ते माहीत होतं. तिथे राहणारी माझी सख्खी बहीण. तो शब्द माझा, आणि तो खोटा. माझा आवाज मला वाटलं होतं तसा थरथरला नाही. मसुदा वाचून दाखवावा तसा निघाला, याचंच मला वाईट वाटलं.

मग मागच्या रांगेतल्या एका सदस्याने विचारलं, बरं, पण एका माणसासाठी एवढं मोठं नाव वागवायचं का? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्या इंजिनिअर मुलीने दिलं, बसल्या जागेवरून, नकाशा न उघडता. या सभागृहाची फरशी, ती म्हणाली, पलीकडच्या शून्यापासून सहा मीटर चाळीस सेंटीमीटरवर आहे. ते शून्य या बाईंच्या बहिणीने एकोणीस वर्षं रोज समुद्र वाचून काढलं आहे. गेल्या मोठ्या वादळात पाणी कुठवर येईल ते आपण आधी सांगू शकलो आणि खालच्या आळीतली माणसं वेळेवर हलवली, ती त्या आकड्यावरून.

ताई, त्या खोलीतल्या एकवीस माणसांनी एकाच वेळी आपल्या पायांकडे पाहिलं. अध्यक्षांनी तर पाय थोडे उचलून पाहिलं. हसावं असं दृश्य होतं, पण कुणाला हसू आलं नाही. आपण इतके दिवस कशावर उभे आहोत हे पहिल्यांदा कळल्यावर माणसं कशी गप्प होतात, ते मी पाहिलं. मी स्वतः तशी गप्प होऊन तीन आठवडे झाले आहेत.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग नियमाप्रमाणे विचारलं, ‘‘पलीकडे रहिवासी किती?’’

‘‘एक.’’

‘‘आणि हरकत कितींची?’’

‘‘सगळ्यांची.’’

ठराव पडला. नाव आहे तसंच राहील, आडव्या रेघेसकट. जुना होडीचा ठराव त्याच बैठकीत रद्द झाला. वस्ती निर्जन नाही म्हटल्यावर होडी सोडणं परिषदेला भागच आहे. आणि मला कारणे दाखवा नोटीस निघाली, खोटी नोंद केल्याबद्दल. असले मसुदे कचेरीत माझ्याकडेच येतात, तसा तोही आला. नेटका झाला आहे. अध्यक्षांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही.

धाकटी


१४ मार्च

ताई,

नोटिशीला उत्तर द्यायला सात दिवस होते. मी सहा मसुदे केले. पहिल्यात ‘अनवधानाने’, दुसऱ्यात ‘तत्कालीन परिस्थितीच्या अनुषंगाने’, तिसऱ्यात तो विग्रहसुद्धा होता. सगळे निर्दोष होते. सगळे फाडले. कारणे दाखवा म्हटलं होतं, आणि त्या सहांत कारण कुठेच नव्हतं. तुला लिहिलेल्या पत्रांतही नव्हतं. मी कबुली दिली, कारण मागे ठेवलं.

सातव्या दिवशी जे दिलं ते असं:

‘आई अंथरुणाला खिळली होती. मी एकटी तिचं करत होते आणि मला भीती वाटत होती. बहिणीने घरी यावं असं वाटत होतं, पण तिला ये म्हणता येत नव्हतं. होडी बंद झाली तर ती तिथे राहू शकणार नाही, घरी येईल, म्हणून मी तो शब्द लिहिला.’

माझ्या हातून निघालेल्या सरकारी कागदांत इतकी साधी भाषा दुसऱ्या कशात नाही. अध्यक्षांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. शिक्षा अशी की वर्षभर माझा प्रत्येक मसुदा दुसऱ्याने तपासायचा. तपासणार शिक्के. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा एक अनुस्वार पकडला, आणि दिवसभर खूश होते.

होडी परवापासून सुरू होते आहे, ओहोटी असली तर खोल पाण्याच्या बाजूने. तुझ्या धक्क्यावरून पावणेअकराला निघते, इथून पाचला परत. तुझ्या वाचनाच्या वेळा धरूनच मी वेळापत्रक केलं आहे, खाडा होणार नाही. आईची खोली झाडून घेतली आहे. तू येशील की नाही मला माहीत नाही. या खेपेला तुला आणण्यासाठी मी कुठलाही ठराव केलेला नाही, कुठलाही शब्द फिरवलेला नाही. जे तेव्हा म्हणायचं होतं तेवढंच म्हणते.

ताई, घरी ये.